पाठीवरची नावं

सकाळी दहाच्या सुमाराला कालव्याकाठच्या टपरीवर झेंडा चढला. हिल्येनं तो तासाभरानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला आणि अर्धी प्यालेली कॉफी तशीच ठेवून कोट अंगावर चढवला. झेंडा चढला म्हणजे बर्फानं वजन पेललं, आणि बर्फानं वजन पेललं म्हणजे वीरिंगांच्या घरी चित्र उघडायचं. उजेडानं जुन्या कागदावरची शाई उडते, तेव्हा चित्र एरवी अंधारात ठेवावं आणि कालवा गोठेल त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून बघावं, हा नियम आजोबांचा, म्हणजे गेर्ट मास्तरांचा. मास्तर जाऊन साठ वर्षं झाली तरी तो मोडायची कुणाची छाती झाली नव्हती.

फक्त मधली पंधरा वर्षं चित्र उघडलंच नव्हतं. शेवटचं उघडलं ते वडील गेले त्या हिवाळ्यात, वुब्बोनं नवा मालक म्हणून चित्राच्या पाठीवर आपलं नाव घातलं तेव्हा. त्यानंतर बर्फ धरला, नाही असं नाही, पण वुब्बो आणि मेनो, हिल्येचे दोघे धाकटे भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हते. मेनो म्हणाला होता, चित्र शहरातल्या संग्रहालयात नेऊन दाखवू. वुब्बो म्हणाला होता, मी जिवंत आहे तोवर ते घराबाहेर जाणार नाही. त्यानं शब्द खरा केला. ऑक्टोबरात तो गेला, चित्र घरातच होतं.

हिल्येनं कोटाच्या खिशात हात घातला. बाटली होती. औषधाची असते तेवढी, बुचाची. डिसेंबरात माजूफळं कुटून, भिजवून, त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून तिनं ती शाई केली होती, अगदी आजोबांच्या रीतीनं. ही शाई कागदावर उतरते तेव्हा पाणचट करडी असते आणि बघता बघता काळीभोर होते. शाळेत दर वर्षी ती मुलांना हे करून दाखवायची. मुलं श्वास रोखून बसायची. मग ती गेर्ट मास्तरांची जुनी कित्त्याची वही काढायची. त्या वहीतल्या ‘o’ आणि ‘a’ची पोटं गळून पडली होती, पानांची चाळण झाली होती. मुलं त्या भोकांतून एकमेकांना डोळे मिचकावून दाखवायची. “बाई, मास्तरांनी इतकं जोरात लिहिलं?” असं एकानं विचारलं होतं. “जोरात नाही रे, शाईच तशी होती, कागद खाणारी,” असं हिल्येनं सांगितलं होतं, आणि सगळा वर्ग हसला होता.

बाविसाव्या वर्षी तिनं वडिलांना, आबांना, विचारलं होतं. थोरली मीच, आजोबांच्या शाळेत शिकवायला जाणार मीच, मग तुमच्यानंतर चित्रावर माझं नाव का नाही? वडील पाइप साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही. “तुझं लग्न होईल. आडनाव बदलेल. पाठीवर नाव वीरिंगांचंच पाहिजे.”

हिल्येचं लग्न झालं नाही. आडनाव बदललं नाही, आणि वडिलांचा निर्णयही बदलला नाही.

*

वुब्बोच्या बायकोच्या, स्तीनच्या दारात बुटांची रांग होती. मेनो आधीच आला होता आणि कोट अडकवायच्या बोळात उभा राहून हिल्येची वाटच बघत होता.

“मी तुझ्या बाजूनं आहे,” तो कुजबुजला.

“आजपासून?”

“असं काय बोलतेस? वुब्बोनंतर हक्क तुझा. स्तीन काय, लग्न होऊन आलेली. मी आत तसं स्पष्ट सांगणार आहे. नाव तुझं घालायचं. पुढचं पुढे.”

“पुढचं म्हणजे माझ्यानंतर तुझ्या मुलांचं.”

“मी म्हटलं का तसं?”

“तू कधी म्हणतोस? तुझा चेहरा म्हणतो.” तिनं कोट अडकवला, बाटली स्वेटरच्या खिशात टाकली आणि त्याचा मफलर नीट केला. तो सत्तरी ओलांडलेला, तरी तिला अजून त्याचा मफलर वाकडा दिसायचा. “चल. आणि केकवरून तिला टोमणे मारू नकोस.”

स्वयंपाकघरात वाटाण्याच्या घट्ट सूपचा वास भरून राहिला होता. टेबलावरच्या मेणकापडावर कॉफीचे कप, मसाल्याचा केक, काळा पाव आणि डुकराच्या चरबीचे पातळ काप. वुब्बोची खुर्ची भिंतीकडे सरकवून ठेवलेली. स्तीननं नवरा गेल्यापासून केस अगदी बारीक कापले होते, त्यामुळे तिचे कान मोठे दिसत होते. तिची मुलगी फेना आदल्या संध्याकाळी शहरातून आली होती. फेनाची सहा वर्षांची यिके जमिनीवर बसून बुटांना दुहेरी पात्यांचे स्केट बांधत होती आणि गाठ सुटली की स्वतःवरच रागावत होती.

“या हिल्येबाई,” स्तीन म्हणाली. नणंदेला ती गावातल्या मुलांसारखी ‘बाई’ म्हणायची. त्यात मान किती आणि टोचणी किती, हे हिल्येला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. “तुमच्याशिवाय चित्राच्या फाइलीला हात लावायचा नाही म्हणून तासभर बसवून ठेवलंय सगळ्यांना.”

“तासभर केक खातोय आम्ही,” मेनो म्हणाला.

“एकेक तुकडा दिलाय. तासभर कसला खातोस?”

“तेच तर. पुरवून खातोय.”

फेना हसली. हिल्येनं मेनोकडे बघितलं. मेनोनं खांदे उडवले.

टेबलाच्या टोकाला स्तीननं टाक आणून ठेवला होता, शेजारी गेर्ट मास्तरांची दगडी दौत. म्हणजे तिनंही तयारी केली होती. हिल्येचा हात आपोआप खिशाकडे गेला.

“सरळच बोलून टाकते,” स्तीन म्हणाली. “चित्र वुब्बोचं होतं. वुब्बोचं ते फेनाचं. आज फेना नाव घालेल.”

“आई, मी तुला फोनवर सांगितलंय. मला नको आहे.”

“तू गप्प बस. तुला नको असेल, यिकेला हवं असेल.”

“यिकेला नाव लिहिता येतं का?” मेनो म्हणाला. “आणि तुझा जावई कोण? हूकस्त्रा. फेना हूकस्त्रा लिहिणार का वीरिंगांच्या चित्रावर? आबा थडग्यातून उठून येतील. इथे वीरिंगा बसलीय समोर. शाळामास्तरीण. जन्मभर वीरिंगा.”

“म्हणजे लग्न झालं नाही ह्याचं बक्षीस द्यायचं?” स्तीन म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली असावी. तिनं उठून सूप ढवळलं, जे ढवळायची काही गरज नव्हती.

हिल्येला राग आला नाही. इतकी वर्षं हे वाक्य घरातल्या प्रत्येकाच्या मनात होतं. आज कुणीतरी मोठ्यानं म्हटलं, एवढंच. ती म्हणाली, “स्तीन, मला चित्र घरी न्यायचं नाही. ते इथेच राहू दे, तुझ्यापाशी. माझ्यानंतर फेनाचं होऊ दे, यिकेचं होऊ दे. मला फक्त पाठीवर नाव घालायचंय. वुब्बोच्या खाली जागा आहे. एका ओळीची.”

मेनोचा चेहरा पडला. स्तीन चमचा हातात धरून वळली. ह्या उत्तराची तयारी तिनं केली नव्हती.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोलले होते. एकदा.”

स्तीन हात पुसत जवळ आली. दौत तिनं हलकेच हिल्येच्या पुढ्यात सरकवली. “बघा तर,” ती मेनोला म्हणाली, “ह्यांना माणसांसारखं बोलता येतं.” मेनो पुटपुटला की बायका एक झाल्या म्हणजे पुरुषानं केक खावा, आणि त्यानं दुसरा तुकडा उचलला. स्तीननं पाहिलं आणि केकची बशी त्याच्याकडे सरकवली. हिल्येला वाटलं, आज सगळं होईल. इतकं सोपं होतं तर.

*

चित्र उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं सगळ्यात लहान माणसाला ते सांगायचं, हाही नियमच. यिके स्केट घालूनच हिल्येशेजारच्या खुर्चीवर चढली.

“ऐक. एक मोठं तळं आहे, गोठलेलं. लांब एक पवनचक्की. एक माणूस माशांची टोपली घेऊन चाललाय आणि त्याच्यामागे एक कुत्रा. कुत्र्याचे पाय घसरताहेत.”

“चारही?”

“चारही. आणि मधोमध एक मुलगी आहे, तुझ्याएवढी. ती स्केटिंग शिकतेय. शिकताना काय धरतात?”

“खुर्ची!”

“तिनंही खुर्ची धरलीय. पुढे ढकलत चाललीय. टोपी डोळ्यांवर आलीय तिच्या.”

“ती पडते का?”

“नाही. चारशे वर्षं ती पडली नाही.”

यिकेनं समाधानानं मान हलवली. दाराशी तिची स्वतःची खुर्ची तयार होती, फेना लहानपणी ढकलायची तीच. त्याआधी ती वुब्बोनं ढकलली होती, मेनोनं ढकलली होती, आणि सगळ्यांच्या आधी हिल्येनं. गावातली किती मुलं हिल्येबाईंनी अशी बर्फावर उभी केली असतील. प्रत्येकाला पहिल्यांदा खुर्ची देताना तिला चित्रातली ती टोपीवाली पोर आठवायची.

स्तीननं भिंतीतल्या जुन्या झोपायच्या कपाटाची दारं उघडली. पूर्वी त्यात आजी-आजोबा झोपत. आता तिथे पांघरुणं आणि नाताळचे दिवे असत. तळाशी फाइल होती. स्तीननं ती टेबलावर ठेवली तशी बुरशीचा वास आला. मेनोनं नाक वर केलं.

“तिथे ठेवलं होतंस?”

“वुब्बोनं ठेवलं होतं. बंद, अंधारी जागा, म्हणाला.”

नाड्या सुटल्या. पुठ्ठा उघडला. चित्र वरच्या कागदाला जरासं चिकटलं होतं. स्तीननं नखानं कोपरा सोडवला आणि चित्राचा कागद उचलून मेणकापडावर ठेवला. उचलताना वाळक्या चहाच्या पत्तीसारखं काहीतरी खाली गळलं. किती हलकं, आवाजसुद्धा झाला नाही.

पवनचक्की होती. टोपलीवाला माणूस होता, कमरेपर्यंत. कुत्र्याचं डोकं होतं. मधोमध, जिथे खुर्ची असायची, तिथे उघडं मेणकापड दिसत होतं, आणि मेणकापडावरचं निळं फूल.

“बर्फ फुटला,” यिके म्हणाली. मग तिनं हिल्येच्या बाहीला धरलं. “हिल्येआजी, ती खाली गेली. तिला काढा ना कुणीतरी.”

फेनानं तिला उचलून मांडीवर घेतलं.

“ओल,” मेनो म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. “पंधरा वर्षं ओलीत ठेवलं. मी सांगत होतो, संग्रहालयात दाखवू, दाखवू. तर म्हणे घराबाहेर जाणार नाही! गेलं आता, घरातल्या घरात गेलं.”

“मेलेल्या माणसावर ओरडू नकोस माझ्या घरात.”

“मग जिवंत माणसावर ओरडतो. तू काय करत होतीस? दर शनिवारी खिडक्या धुतेस, पायरी घासतेस, हे कपाट एकदा उघडून वारा द्यायचं सुचलं नाही?”

“उघडायचं नाही हा तुमचा नियम! तुमच्या आजोबांचा! मी लग्न होऊन आलेली ना? मी कोण उघडणार?”

“उंदीर असतील,” फेना हळूच म्हणाली.

“माझ्या घरात उंदीर नाहीत,” स्तीन म्हणाली. इतक्या सगळ्यातही ते तिला सहन झालं नाही.

हिल्येनं ह्यातलं काही ऐकलं नाही. तिनं दोन्ही तळवे कागदाखाली सरकवले आणि पोळी उलटावी तसा, पण कितीतरी सावकाश, तो उलटा केला.

पाठीवर नावं होती. सगळ्यात वर पाद्रीबुवांचं, ज्यांनी हे चित्र विद्यार्थी असताना हार्लेमच्या लिलावात घेतलं आणि म्हातारपणी आजोबांच्या वडिलांना, हार्म मास्तरांना दिलं. मग हार्म. त्याखाली आजोबांचं, आडवं, रुंद, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं: गेर्ट वीरिंगा, शाळामास्तर. चुलत्यांनी हक्क सांगितला होता म्हणून कुणाला शंका राहू नये एवढ्या मोठ्या अक्षरात त्यांनी ते घातलं होतं, टाक दाबून, जाड रेघांनी. मग वडिलांचं. मग वुब्बोचं. आता ती अक्षरं नव्हतीच. अक्षरांच्या आकाराची भोकं होती. ‘गेर्ट’पासून ‘मास्तर’पर्यंत कागद ओळीनं कुरतडल्यासारखा गेला होता, आणि त्या ओळीच्या बरोब्बर मागे ती मुलगी असायची.

चित्र काजळाच्या शाईचं होतं. ती शाई कागदाला काही करत नाही. चारशे वर्षं तिनं काही केलं नव्हतं. नावं हिराकसाच्या शाईची होती. ही शाई कागद खाते, ओलीत तर झपाट्यानं खाते. हे घरात कुणाला ठाऊक नसलं तर नवल नव्हतं. पण हिल्येला ठाऊक होतं. दर वर्षी ती चाळण झालेली वही वर धरून तिनं मुलांना हसवलं होतं. एकदाही, एका हिवाळ्यातही, तिच्या मनात आलं नाही की तीच शाई, त्याच हातची, चित्राच्या पाठीवर आहे.

खालच्या कोपऱ्यात मसुराएवढा एक गोल शिक्का होता. पाद्रीबुवांच्याही आधीचा कुणी मालक, दोन अक्षरांचा, कोण ते कुणाला कधी कळलं नाही. त्यानं आपली खूण कोपऱ्यात एवढीशी उमटवली होती. तिच्याभोवतीचा कागद अजून पांढरा होता.

“ओल नाही,” हिल्ये म्हणाली. “म्हणजे, ओलीनं घाई केली. खाल्लं ते नावांनी.”

“कुणी?”

“आपण. सगळ्यांनी. हार्मनं, आजोबांनी, आबांनी, वुब्बोनं.” तिनं खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली. “आणि हे बघ, मीपण आज आणलंच होतं.”

मेनो खुर्चीत बसला. त्याचा सगळा राग गेला, आणि राग गेल्यावर तो एकदम म्हातारा दिसू लागला. “म्हणजे आता,” तो म्हणाला, “ते कुणाचं?”

स्तीननं हात झटकले. “मला नको. घेऊन जा, हिल्येबाई, तुम्हाला हवं होतं ना? घेऊन जा बाई. मला त्या कपाटात ते नको आता.”

“हो, तूच घे,” मेनो म्हणाला. “हक्क तुझाच.”

अर्ध्या तासापूर्वी ज्यासाठी एकमेकांचे गळे धरले जात होते, ते असं तिच्या पदरात पडलं. हिल्येनं वुब्बोच्या नावाखालची जागा पाहिली. एका ओळीची, कोरी. किती हिवाळे तिनं ती मनातल्या मनात मोजली होती. कागद पुन्हा सरळ करून तिनं पाहिलं, त्या जागेच्या समोर काय आहे. काहीच नव्हतं. रिकामा बर्फ होता. तेवढा बर्फ अगदी शाबूत होता.

आणि तेव्हा तिला आठवलं.

“थांबा,” ती म्हणाली. “कागद उचलला तेव्हा एक तुकडा पडला. तुकडा असेल तर बसवता येतो. शहरात करणारी माणसं आहेत. मागून पातळ कागद लावतात, कण कण जोडून. मी पाहिलंय. फेना, हात लावू नकोस कशाला. ती पोर आहे इथेच, टेबलावरच आहे.”

सगळे वाकले. मेनोनं चष्मा पुसला. यिकेनं श्वास धरला.

मेणकापड स्वच्छ होतं. कपांच्या मधली जागा, बश्यांच्या कडेची जागा, निळं फूल, सगळं लख्ख. केकचा एक कणही नव्हता. टेबलाच्या काठाशी कण गोळा करायचा छोटा ब्रश होता आणि त्याची पितळी सुपली. रिकामी.

हिल्येनं स्तीनकडे पाहिलं. स्तीनचा हात तोंडावर गेला होता.

“मी कधी...” ती म्हणाली. “मेनो ओरडत होता तेव्हा... मला कळलंसुद्धा नाही गं.” चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती हिल्येला ‘गं’ म्हणाली. “रोजच्यासारखं. थंडी आहे म्हणून. चिमण्यांना.”

*

मागच्या दाराबाहेर बर्फाचा पातळ थर होता. त्यावर चिमण्यांच्या पावलांची बारीक जाळी उमटली होती. दार उघडताच चिमण्या भुर्र उडून कुंपणावर बसल्या. हिल्ये कोटाशिवाय बाहेर आली आणि गुडघ्यांवर बसली. तपकिरी कण पसरले होते, बरेचसे. तिनं एक उचलून बोटांनी दाबला. मऊ. केक. दुसरा उचलला. काळा पाव. तिसरा. चौथा बोटाखाली भुगा झाला आणि तो काय होता ते कळलं नाही. ती एकेक उचलत राहिली. बोटं बधिर झाली, मग तेही कळेनासं झालं.

आत स्तीन रडत होती आणि फेना तिला काहीतरी समजावत होती. मेनो एकदा दारापर्यंत आला, बहिणीकडे बघून परत गेला.

मग खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. यिके उंबऱ्यात उभी होती, टोपी डोळ्यांवर आलेली, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर.

“हिल्येआजी, आपण जायचं ना?”

“आज नको, यिके.”

“पण झेंडा वर आहे.”

हिल्येनं मान वळवून पाहिलं. कालव्याकडून मुलांचा गलका येत होता. झेंडा वर होता.

“दिसतोय गं,” ती म्हणाली, पण उठली नाही. ती हलेना, तशा थोड्या वेळानं चिमण्या कुंपणावरून उतरल्या आणि पुन्हा टिपू लागल्या.